पडद्याकडे पाठ

देऊळघाटातल्या जुन्या माणसांपाशी फकीर मोहम्मद नालबंदांचा विषय काढा, ती आधी त्यांच्या कानाबद्दल बोलतील, मग हाताबद्दल. हात चांगलाच होता. शिंगं उगारून येणारा बैल दोन दोरांच्या वेढ्यात हा माणूस असा आडवा करायचा की बैलालाही आपण कधी पडलो ते कळू नये. पण हात काय, बऱ्याच नालबंदांचा चांगला असतो. कान मात्र पंचक्रोशीत यांचाच. चारही खुरांना नाल ठोकून झाली की बैल शेतकऱ्याच्या हाती द्यायचे, दारापुढच्या दगडी फरशीवरून त्याला पाच पावलं जा-ये करायला लावायचे, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बैलाकडे बघायचं नाही. बघितलं की डोळा कानाच्या कामात लुडबुड करतो, असं त्यांचं म्हणणं. मग पाठमोरेच सांगायचे, मागचा डावा पाय, आतल्या बाजूचा खिळा, जरासा ढिला. शेतकरी खाली वाकून बोट लावून बघायचा. खिळा ढिलाच असायचा.

असला माणूस अमेरिकेतल्या जुन्या नाचगाण्याच्या सिनेमांच्या नादी कसा लागला, असं कोणी विचारलं तर गाव हसतं. हसू द्या. गावाला हसायला काय लागतं?

गोष्ट शहाऐंशी सालची. बुलढाण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे रमाकांत सर तेव्हा देऊळघाटातच राहायचे आणि रोज एसटीनं ये-जा करायचे. घरची शेती होती, बैलजोडी होती. सरांना दोन व्यसनं, एक तंबाखूचं आणि दुसरं हॉलिवूडच्या संगीतपटांचं. पहिलं त्यांच्या बायकोनं, प्रेमलाकाकूंनी, लग्नानंतर वर्षभरात सोडवलं, दुसऱ्यापुढे त्यांनीही हात टेकले. सर पगाराचे पैसे जमवून मुंबईहून कॅसेटी मागवायचे, आणि गावात पहिला व्हिडिओ त्यांच्याच घरी आला. एका रविवारी फकीर मोहम्मद अंगणात सरांच्या बैलाला नाल ठोकत होते. ऐन तिशीतले होते तेव्हा. आतून टाचा वाजल्याचा आवाज आला आणि त्यांची हातोडी वरच्या वर थांबली. बैल दोरात तसाच पडलेला. हे उठून खिडकीशी गेले, पण आत बघेनात, भिंतीला पाठ लावून ऐकत राहिले. सर बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सर, आत कोन चालून राह्यलं? पाय दोनच हेत, पन काम चार पायाचं करून राह्यला."

तो फ्रेड अस्टेअर होता. बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या ठोकून नाचतात, तो टॅप नाच. सरांनी समजावून सांगितल्यावर फकीरभाईंना कोण आनंद झाला. म्हणजे तिकडे माणसंही नाल ठोकून घेतात, आणि वर नाचतात! त्या दिवशी बैलाचा चौथा पाय दुपारनंतर झाला. बैल काय बोलणार बिचारा.

तिथून पुढं पंधरा वर्षं रविवार सरांचा आणि फकीरभाईंचा. सर पडद्यासमोर बसायचे, फकीरभाई पडद्याकडे पाठ करून दाराशी. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. उर्दू शाळेत चार इयत्ता झालेल्या, मराठी वाचताना अक्षरावर बोट ठेवावं लागायचं. पण पाय कळायचे. अस्टेअरबद्दल म्हणायचे, हा माणूस जमिनीले दुखवत नाही. जीन केली लागला की म्हणायचे, हा कामकरी गडी हाय, याचं वजन लागते, उडाला तरी खाली याचं हाय हे इसरत नाही. निकोलस बंधूंचा नाच लागला की बोलायचेच नाहीत. संपल्यावर एवढंच म्हणायचे की अशी जोडी कोणत्या बाजारात भेटत नाही. सगळ्यात जीव एलिनॉर पॉवेलवर. तिचा प्रत्येक ठोका जागच्या जागी, कधी डावी टाच केसभर मागं राहिली तर तेवढीच, आणि बाई दमली आहे हे टाच कधी सांगत नाही, असं ते म्हणायचे. ज्युडी गार्लंड गाऊ लागली की मात्र वळून पडद्याकडे बघायचे. हिच्या घरी हिची वाट पाहणारं कोणी नाही, असं एकदा म्हणाले.

सर वही घेऊन बसायचे. दिवाळी अंकात सरांचे लेख यायचे, 'जमिनीला न दुखवणारा नर्तक' अशा नावांचे, आणि लोक वाहवा करायचे. फकीरभाईंना ते लेख कोणी वाचून दाखवले नाहीत. दाखवले असते तरी ते खुश झाले असते, कारण आपलं बोलणं शिकलेल्या माणसाच्या कामी आलं यातच त्यांना भरून पावल्यासारखं व्हायचं. राग आपल्याला येतो, त्यांना आला नसता.

पुढं सरांनी बुलढाण्यात बंगला बांधला. तिथं रविवारची मंडळी वाढली, दोन प्राध्यापक, एक डॉक्टर, एक बँक मॅनेजर, अशी. फकीरभाई एसटीनं जायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत पडद्याकडे पाठ करून बसायचे. पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर सरही ती गंमत दाखवायला त्यांना बोलवायचे.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात सरांनी अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या जोडीचा एक नाच लावला. आधी पाऊण तास भाषण. उंच टाचांचे बूट घालून ही बाई त्याच्या प्रत्येक ठोक्याला ठोका कशी देते, तिचं पाऊल किती बायकी आणि तरी किती नेमकं, वगैरे. नाच संपला. सरांनी कौतुकानं विचारलं, काय फकीरभाई, कसे वाटले बाईंचे पाय?

फकीरभाई पाठमोरेच म्हणाले, "बाई नाचली असन सर, पन हे पाय बाईचे नाहीत. मर्दाचे हेत. टाचेवर वजन पाहा ना."

आधी कोणाला कळलंच नाही. मग डॉक्टर हसले, मॅनेजर हसले, आणि एका प्राध्यापकानं काहीतरी चावट बोलून घेतलं. सरांचा चेहरा लाल झाला. पाऊण तासाचं भाषण एका नालबंदानं दोन वाक्यांत मातीत घातलं होतं. सर ओरडणाऱ्यांतले नव्हते. अगदी शांतपणे, स्वच्छ मराठीत ते म्हणाले, "फकीरभाई, हे बैल नाहीत."

फकीर मोहम्मद उठले, चपला पायात घातल्या आणि निघाले. गेटपर्यंत त्यांना वाटत होतं की मागून हाक येईल. आली नाही. पुढं तेवीस वर्षं आली नाही. ईदचा शीरखुर्मा बंगल्यावर जायचा थांबला, दिवाळीचा फराळ देऊळघाटात यायचा थांबला. फकीरभाईंना शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. पण कान खोटा आहे म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही अख्खे खोटे आहात म्हणणं होतं, आणि ते वाक्य त्यांच्या छातीत तसंच रुतून राहिलं.

मधल्या काळात गावात ट्रॅक्टर झाले. बैल गेले, तशी नालही गेली. ज्या फरशीवरून दिवसाला दहा-दहा बैल चालायचे तिथं आता सुनेनं कुंड्या ठेवल्यात. घरात मोबाइल आला. शाइस्ता, त्यांची नात, बुलढाण्याला कॉलेजात शिकते. आजोबांना ती दादा म्हणते. तिनं शाळेत असतानाच एक दिवस त्यांना फोनवर एलिनॉर पॉवेल शोधून दिली. जिच्यासाठी पूर्वी महिना महिना वाट बघावी लागायची ती आता खिशात, फुकट, हवी तेव्हा. आणि फकीर मोहम्मदांना काहीच ऐकू येईना. फोन या कानाला लावून पाहिला, त्या कानाला लावून पाहिला. जन्मभर दारातल्या ऐरणीवर लोखंड आपटलं होतं, त्यानं हळूहळू सगळं खाऊन टाकलं होतं. शेवटी त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती बाई नाचताना नीट पाहिली, आणि त्यांना काही वाटलंच नाही. कोणी अनोळखी बाई पाय हलवते आहे एवढंच दिसलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बहिरेपण त्यांनी लपवलं. बंदी उठून शंकरपट पुन्हा सुरू झाल्यावर शर्यतीचे दोन-चार बैलवाले अजून त्यांच्याकडे यायचे. हे खुरावरून बोट फिरवून काय ते जोखायचे आणि मग रीत म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तोंडाच्या हालचालीवरून बोलणं ओळखायचे, नाही ओळखलं तर हसायचे. घरी तर सगळ्यांना ठाऊकच होतं, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडंफार कळायचं. बाहेर कोणाला नाही.

यंदाच्या पावसाळ्यानंतर शाइस्ताच्या कॉलेजात रमाकांत सर पाहुणे म्हणून आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, पण भाषणाची हौस तशीच. कार्यक्रमानंतर तिचं नाव-गाव विचारलं आणि कोणाची नात ते कळल्यावर तिला समोर बसवून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. या नटनट्यांवर ते पुस्तक लिहीत होते, जन्मभराच्या वह्यांमधून. त्यासाठी इंग्रजी पुस्तकं चाळताना त्यांना सापडलं होतं की त्या काळी टॅपचे ठोके बहुतेक वेळा मागाहून स्टुडिओत भरले जात, आणि जिंजर रॉजर्सचे ठोके बऱ्याचदा त्यांच्या नृत्यदिग्दर्शकानं, म्हणजे एका पुरुषानं, भरलेले असत. सरांनी त्यावर एक अख्खं पान लिहिलं होतं, 'देऊळघाटचा कान' या नावाचं. त्या पानाचा फोटो त्यांनी शाइस्ताच्या फोनवर पाठवला आणि निरोप दिला की रविवारी आजोबांना घेऊन ये. आणखी चार नाच आहेत, त्यांतले पाय कोणाचे ते मला फकीरभाईंकडून हवंय. तेवढं झालं की सोमवारी पुस्तक छापायला जाईल. पहिला नाच एलिनॉर पॉवेलचा लावू, हेही सांगितलं.

शाइस्तानं ते पान आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून वाचलं. पानात त्यांचं पूर्ण नाव होतं, गावाचं नाव होतं, आणि 'त्या दिवशी खोलीतल्या शिकलेल्या माणसांत ऐकू येणारा एकच माणूस होता' असं वाक्य होतं. फकीर मोहम्मदांनी ते तिला सात वेळा वाचायला लावलं. आठव्यांदा त्यांनी स्वतः बोट ठेवून आपलं नाव वाचलं आणि ते रडले. तेवीस वर्षांनी कोणीतरी त्यांना खरं म्हणत होतं, तेही छापून. आता मेलो तरी हरकत नाही असं ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

पोरगी शहाणी. ती म्हणाली, सरांना सरळ सांगून टाकू की आता ऐकू येत नाही. तेव्हाचं तेव्हा होतं. फकीर मोहम्मद ऐकेनात. बहिऱ्याच्या कानावर कोण पान छापतं, असं त्यांचं म्हणणं. आणि सर विचारून विचारून काय विचारणार? ते चारही नाच त्यांनी पन्नास-पन्नास वेळा ऐकलेले होते. प्रत्येक टाच डोक्यात जिथल्या तिथं होती. खोटं कुठं बोलायचं होतं? तेव्हा ऐकलेलं आता सांगायचं. अडचण एवढीच होती की नाच कधी सुरू झाला हे कळायला हवं. मग दोघांनी ठरवलं की शाइस्ता शेजारी बसेल आणि आवाज सुरू झाला की त्यांचं कोपर दाबेल.

रविवारी अकराच्या सुमारास दोघं बंगल्यावर पोचले. फकीर मोहम्मदांनी ईदचा कुर्ता घातला होता. सरांनी दारातच त्यांना मिठी मारली, मागं होऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मारली. माझं चुकलं, हे शब्द मात्र सरांच्या तोंडून निघाले नाहीत. टेबलावर छापायला काढलेला गठ्ठा होता, त्यातलं ते पान त्यांनी वर काढून ठेवलं आणि त्याच्यावर हातानं थोपटलं. ज्याला बोलायची एवढी हौस, त्याला तीन शब्द जड गेले. फकीरभाईंना तेवढंही पुष्कळ होतं. त्यांनी पानावरच्या आपल्या नावाला बोट लावलं.

जुन्या सवयीनं सरांनी दाराजवळची खुर्ची भिंतीकडे वळवून दिली. फकीर मोहम्मद बसले, शाइस्ता स्टुलावर शेजारी. सर रिमोट घेऊन टीव्हीशी खटपट करू लागले. तेवढ्यात प्रेमलाकाकू आल्या. पोरगी पहिल्यांदाच घरी आलेली, त्यांना कोण आनंद. चल गं, मला जरा हात दे, अनारसे तळलेत, असं म्हणत त्यांनी तिचा हातच धरला. आता थोरल्या बाईला नाही कसं म्हणायचं? शाइस्तानं दादांकडे पाहिलं, आलेच मी, असं सांगायला त्यांचं कोपर हलकं दाबलं, आणि ती काकूंमागं आत गेली.

फकीर मोहम्मदांनी डोळे मिटले. नाच सुरू झाला होता.

सुरू झाला होता म्हणजे त्यांच्यापुरता. इकडे पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं. नेट येत नव्हतं. सर एकदा म्हणाले, थांबा हं फकीरभाई. परत एकदा म्हणाले. दोन्ही वेळा समोरची पाठ हलली नाही, तेव्हा सरांना वाटलं म्हातारा मन एकवटतोय. फकीर मोहम्मद आतून मोजत होते. तो नाच त्यांना श्वासासारखा पाठ होता. बाई जिन्यावरून उतरते, मग सहा ठोके, मग थांबते, मग ठोक्यांची ती लांबलचक लड सुटते. सगळं जसंच्या तसं त्यांच्या डोक्यात वाजलं, आणि इतक्या वर्षांत त्यांना इतकं सुख झालं नव्हतं. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू हलत होता. सर ते बघत होते.

मग ते बोलले, खणखणीत, बहिरी माणसं बोलतात तसे. "हे तिचेच पाय हेत सर. खुद्द तिचे. कोनं मागून भरले नाही. आता शेवटी ते ठोक्याची लड सुटली ना, तिथं डावी टाच जराशी मागं राह्यली, ते ऐकलं तुमी? आवाज भरनारा असता तं त्यानं ते नीट करून घेतलं असतं. नाचनाऱ्यालेच तशी टाच मागं राहते." आणि हसत हसत ते खुर्चीत मागं वळले.

पडदा काळा होता. मधोमध चक्र फिरत होतं. सर रिमोट हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

चटका बसल्यासारखे फकीर मोहम्मद उभे राहिले. सर काहीतरी बोलले, ते ओठांवरून लागलं नाही. सरांनी पुन्हा सावकाश विचारलं, आणि आता लागलं. कधीपासून, असं ते विचारत होते.

"सात-आठ वर्षं झाले," फकीर मोहम्मद म्हणाले. "त्या दिवशी येत होतं सर. त्या दिवशी मले सारं ऐकू येत होतं. कसम खाऊन सांगतो."

सरांनी मान हलवली. बैल विकायला आणणारा शपथा घेऊ लागला की घेणारा अशीच मान हलवतो. फकीर मोहम्मदांनी बाजारात ती हजारदा पाहिली होती.  ते पुन्हा खुर्चीत बसले.

शाइस्ता अनारशांची ताटली घेऊन बाहेर आली आणि दारातच तिला सगळं कळलं. सरांनी तिला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, हे ऐकायचं कधीपासून गेलंय, खरं सांग. तिला वाटलं, जितकं जुनं सांगू तितका दादांचा दोष कमी. माणूस खोटारडा नाही, बिचारा फार पूर्वीपासूनच असा आहे, एवढं सरांना पटलं की झालं. म्हणून ती म्हणाली, "सर, मी अगदी लहान होती ना, तवापासून असंच हाय. आम्ही घरातले समदे त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो."

सरांनी तिचं वय विचारलं. एकवीस, ती म्हणाली. सरांनी मनात वजाबाकी केली, म्हणजे त्या रविवारनंतर दोनच वर्षांनी जन्मलेली.

फकीर मोहम्मदांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की सर टेबलाशी गेले, चष्मा लावला, ते पान पुन्हा एकदा वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मग ते पान गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं. रागानं नाही. सर हिशोबी माणूस, जे सिद्ध करता येत नाही ते छापायचं नाही हा त्यांचा नेम. पण मला विचाराल तर रेघ ओढताना त्यांचे खांदे जरा सैल झाले होते. ज्या माणसाला हाकलून लावलं तो त्या दिवशी नुसता अंदाज ठोकत होता असं ठरलं, की मग तेवीस वर्षांचं ओझंही उतरतं. माफी मागायची राहिली होती, ती मागायलाच नको.

चहा झाला. अनारसेही खाल्ले, काय करणार, काकूंनी समोर बसून खायला घातले. त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. सर आता फकीरभाईंशी बोलत नव्हते, त्यांच्याबद्दल शाइस्ताशी बोलत होते. कानाचा एक चांगला डॉक्टर आहे, चिठ्ठी देतो म्हणाले. निघताना दारात त्यांनी फकीरभाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि पोरीला सांगितलं, सांभाळून ने.

स्टँडवर देऊळघाटची गाडी लागलेली होती. दोघं बसल्यावर फकीर मोहम्मदांनी विचारलं, सरांनी तुला काय पुसलं? शाइस्तानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आपण दादांची बाजू घेतली असं तिला वाटत होतं. 

"बेटा," ते म्हणाले, "तू लहान होती तवा दारात ऐरन चालू राहे. दिवसभर. ऐरनीपाशी समदेच वरडत. तुही दादीबी वरडे, बैलवालेबी वरडत. मीबी वरडत होतो. कान तं साबूत होता माहा."

शाइस्ताला आपली चूक आता कळली. ती त्या आवाजात जन्मली, त्या आवाजात वाढली. ऐरण थांबली तेव्हा आजोबांचा कान गेलेलाच होता, त्यामुळे ओरडणं काही थांबलं नाही. घरात हळू बोलतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, तर तिला वेगळं वाटणार कसं? नालबंदाच्या घराबाहेर कोणाची अशी चूक झाली नसती. तिनं धडपडत फोन काढला आणि सरांना लावला. घाईघाईनं, अडखळत, ऐरणीचं सगळं सांगितलं. माझं चुकलं सर, ते पान राहू द्या सर, म्हणाली. फकीर मोहम्मद तिच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडून सर फार मायेनं बोलले. अगं, तुझं आजोबांवर प्रेम आहे, मला कळतं. आता त्यांना फार त्रास देऊ नकोस. पुस्तक उद्या जातंय. असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिनं दादांच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं की सर म्हणाले, बघतो. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि त्यांना चेहरा वाचायची होती. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. कंडक्टर आला, तिकिटं काढून झाली, गाडी स्टँडबाहेर पडली. मग बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी तवा खरा होतो ना, शाइस्ता?"

ती हो म्हणाली. त्यांना कळलं नाही म्हणून मोठ्यानं म्हणाली. मग गाडीतली सगळी माणसं मागं वळून बघेपर्यंत हो, हो म्हणत राहिली. ते खरे होते असं म्हणणारं आता तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, आणि त्या दिवशी तर ती जन्मलीही नव्हती.